वाचकांचे प्रश्न : पानगळीत वाळूच्या टेकड्या आणि जंगल

नेदरलँड्समधल्या मराठी वाचकांकडून, आणि दिवाळीच्या सुमारास मुलांकडे तिकडे जाणाऱ्या इथल्या आईवडिलांकडून, या वेळी एकाच जागेबद्दल बरेच प्रश्न आले. ती जागा म्हणजे हारलेम शहराच्या पश्चिमेचे झाऊड-केनेमरलांड राष्ट्रीय उद्यान. 1995 साली स्थापन झालेल्या या उद्यानाचा विस्तार सुमारे 3,800 हेक्टर आहे. एका अंगाला उत्तर समुद्र, दुसऱ्या अंगाला बीच आणि ओकची जुनी राने आणि मध्ये वाळूच्या टेकड्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चालायला याहून सुंदर जागा त्या देशात थोड्याच असतील. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

आईबाबा पुण्याहून आले आहेत. आई 66 वर्षांची, गुडघे थोडे दुखतात. तिला समुद्र, वाळू आणि रंग बदललेले जंगल असे तिन्ही दाखवायचे आहे. गाडी नाही. अर्ध्या दिवसात कसे जमवावे? (ॲमस्टलवीन)

जमेल. मात्र नेहमीची दिशा उलटी करा. बहुतेक लोक ओव्हरवेन स्टेशनवर उतरून जंगलातून समुद्राकडे निघतात. तिथला वारा बहुतांशी नैर्ऋत्येचा असतो. म्हणजे पाय थकत जातात तसा वारा तोंडावर येतो आणि मऊ वाळू सर्वांत शेवटी वाट्याला येते. दुपारनंतरचे खाली उतरलेले ऊनही थेट डोळ्यांत जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा क्रम अगदी चुकीचा आहे.

त्याऐवजी हारलेम स्टेशनवरून 81 क्रमांकाची बस घेऊन ब्लूमेंडाल आन झे या किनाऱ्यावरच्या थांब्यावर उतरा (वेळा आदल्या दिवशी 9292 च्या ॲपवर पाहून घ्या). आधी समुद्र बघून घ्या, मग उद्यानाच्या पार्नासिया प्रवेशद्वारातून आत शिरून पूर्वेकडे चालत या. वाटेत व्होगलमेर तळे लागेल, मग ओस्टरप्लास तळे, पुढे माहिती केंद्र आणि शेवटी ओव्हरवेन स्टेशन. सरळ अंतर पाच किलोमीटरच्या आसपास असले तरी वळसे धरून पायाखाली 8 ते 9 किलोमीटर जातात. ओव्हरवेनहून हारलेम आणि ॲमस्टरडॅमकडे गाडी आहेच.

वेळेचा हिशेब किलोमीटरवर न करता पायाखालच्या जमिनीवर करा. शिंपल्यांचा चुरा दाबून केलेल्या पांढऱ्या वाटांवर ज्येष्ठ माणूस आरामात ताशी साडेतीन ते चार किलोमीटर चालतो. मोकळ्या वाळूत तोच वेग दोनवर येतो, कारण प्रत्येक पावलाला टाच मागे सरकते आणि पोटऱ्यांवर दुप्पट काम पडते. वर सांगितलेल्या वाटेला थांबे धरून चार तास ठेवा. आईंना वाळूची एखादी टेकडी चढायचीच असेल, तर जिथे वाट आखलेली आहे तिथेच, छोटी पावले टाकत, पूर्ण तळवा टेकवून चढू द्या. कोरडी वाळू साधारण 30 ते 34 अंशांच्या उतारावर जेमतेम तोल सांभाळून असते. त्यावर चवड्यांनी जोर दिला की ती खाली वाहते, आणि माणूस दोन पावले वर गेला की एक खाली येतो. उतरताना मात्र हीच वाळू गुडघ्यांचा धक्का शोषून घेते. तेव्हा उतरण्याची भीती नको. काठी घेणार असाल तर टोकाला रुंद चकती असलेली घ्या, नाहीतर ती वाळूत खोल रुतते.

उजेडाकडे दुर्लक्ष करू नका. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि नोव्हेंबर लागताच सूर्यास्त सव्वापाचच्या आत येतो, महिन्याच्या मध्याला पावणेपाचला. उद्यान सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ खुले असते. म्हणून नोव्हेंबरात किनाऱ्यावरून उशिरात उशिरा साडेअकराला निघा. स्वच्छतागृहे किनाऱ्यावर आणि माहिती केंद्रात आहेत असे धरून चाला, मधल्या टप्प्यात सोयीची अपेक्षा ठेवू नका. किनाऱ्यावरची बरीच हंगामी उपाहारगृहे ऑक्टोबरअखेर उतरवून ठेवतात. त्यामुळे दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा बरोबर असलेला बरा. डबा किनाऱ्यावर उघडू नका. सीगल पक्षी हातातला घास उचलतात आणि उडती वाळू उरलेल्या अन्नात जाते. व्होगलमेरच्या पुढे झाडांच्या आडोशाला बसून खा.

मागच्या वर्षी दोन तासांतच पायाला फोड आले आणि अंगात थंडी भरली. तापमान तर 10 अंश होते, म्हणजे फार नव्हते. काय चुकले? (रॉटरडॅम)

दोन्हींचे मूळ ओलाव्यात आहे. बुटात गेलेली वाळू कोरडी असेल तर बरीचशी झटकून निघते. सुती मोजा घामाने किंवा पावसाने ओला झाला की तीच वाळू त्याला चिकटते आणि टाचेवर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. घोट्याच्या वर येणारे बूट आणि लोकरीचे किंवा लोकर-मिश्र मोजे वापरा. बुटाच्या तोंडाशी पँटची मोरी मोज्यात खोचून घ्या (याचा दुसरा फायदा खाली गोचिडीच्या उत्तरात येईल). मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि वाळूचा टप्पा संपला की बूट झाडून तो बदला. टाच नुसती गरम वाटू लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग फारसा होत नाही.

थंडीचे म्हणाल तर 10 अंशांत ताशी 40 किलोमीटरचा वारा अंगावर आला की उघड्या त्वचेला ते 6 अंशांसारखे लागते, आणि शरदात या किनाऱ्यावर असा वारा नवलाचा नाही. शिवाय उन्हाळाभर तापलेला समुद्र ऑक्टोबरातही जमिनीपेक्षा ऊबदार राहतो आणि त्यावरून येणाऱ्या थंड हवेतून किनारपट्टीवर सरीवर सरी पडतात. छत्री पाच मिनिटांत उलटी होईल. जाड एकच कोट घेण्यापेक्षा आत घाम शोषून न ठेवणारा पातळ थर, मधे लोकरीचा स्वेटर आणि वर वारा-पाऊस अडवणारे टोपीचे जॅकेट अशी तयारी ठेवा. चढताना स्वेटर काढायचा, थांबताना लगेच घालायचा. घाम आल्यावर उघड्यावर बसणे, हीच अंगात थंडी भरण्याची हमखास वाट आहे.

हवामान खात्याने वादळाचा केशरी इशारा दिला असेल तर त्या दिवशी जंगलाचा भाग सोडाच. ऑक्टोबरात ओक आणि बीचवर पाने अजून शिल्लक असतात, त्यामुळे झाडाला वारा शिडासारखा लागतो आणि पावसाने भिजलेल्या मातीतून ते मुळासकट उपटते. त्याच जोराच्या वाऱ्यात जानेवारीतले निष्पर्ण झाड तगून जाते.

टेकडीवरच्या गवतावर पाय ठेवू नका, अशा पाट्या सगळीकडे आहेत. पण याच उद्यानात यंत्रे लावून टेकड्या फोडल्या, असे वाचले. मग पर्यटकाच्या एका पावलाने काय बिघडते? (पुणे)

हा प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण इथल्या टेकड्यांचे सगळे गणित त्यात आहे.

किनाऱ्यालगतच्या पहिल्या रांगेवर जे उंच, राखट-हिरवे, टोकदार गवत दिसते त्याचे नाव हेल्म. कोकणातल्या पुळणीवर मर्यादवेल जे काम करते, तेच इथे हे गवत करते : पात्यांनी वारा मंदावायचा आणि वाळू पाडून घ्यायची. वाळूखाली गाडले गेले की हेल्म नव्या थरात नवी मुळे फोडत वर येते. ताजी वाळू मिळाली नाही तर मात्र जुन्या मुळांवर सूत्रकृमी आणि बुरशी वाढतात आणि गवत खंगते. त्याला गाडले जाण्याचीच गरज असते, ही या वनस्पतीची गंमत.

आता पाऊल. हेल्मचे आडवे खोड वाळूत थोड्याच खोलीवर असते. एकाच रेषेत शंभर माणसे गेली की ते तुटते आणि तेवढी पट्टी उघडी पडते. चढावरच्या उघड्या पट्टीत वारा नाल्यातल्या पाण्यासारखा शिरतो आणि खड्डा रुंदावत नेतो. तो कुठे पडेल, केवढा होईल, रस्त्यावर वाळू येईल की तळ्यात, यावर कोणाचा ताबा राहत नाही.

यंत्रांनी केलेले काम वेगळे होते. 2012-13 च्या सुमारास ब्लूमेंडालच्या उत्तरेला समुद्राकाठच्या पहिल्या रांगेत मोजून-मापून पाच खिंडी पाडल्या. कारण असे की किनारा सुरक्षित राहावा म्हणून कित्येक दशके हेल्म लावून ती रांग गच्च बांधून टाकली होती. वाळू आत येणे थांबले. आतल्या टेकड्यांतला शिंपल्यांचा चुना पावसाने हळूहळू धुपत गेला, हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनने उंच गवत आणि झुडपे माजली, आणि रोगांनी सशांची संख्या घटल्यामुळे ते खुडणारेही उरले नाहीत. बुटक्या, रंगीत, चुनखडीप्रिय वनस्पतींची मोकळी कुरणे गुदमरली. खिंडींमधून वारा आता पुन्हा चुनायुक्त वाळू आत नेतो आणि तिचा पातळ थर शेकडो मीटर आतपर्यंत पसरतो.

समुद्र आत येण्याची भीती इथे नाही, कारण टेकड्यांचा पट्टा काही किलोमीटर रुंद आहे. जिथे एकच रांग आहे तिथे हे कोणी करणार नाही. शिवाय 1990 पासून त्या देशाचे धोरणच आहे की किनारा मागे हटू द्यायचा नाही. त्यासाठी समुद्रतळाची वाळू उपसून दरवर्षी सुमारे 1.2 कोटी घनमीटर किनारपट्टीला पुरवली जाते.

खिंडीजवळ गेलात तर दहा मिनिटे उभे राहून जमिनीलगत बघा. जोराच्या वाऱ्यात वाळूचे कण फार उंच न उडता घोट्या-गुडघ्याइतक्या उंचीवर उड्या मारत सरकतात. एक कण पडतो आणि आदळून दुसऱ्याला उडवतो. रिकाम्या शिंपल्यामागे वाऱ्याच्या आडोशाला वाळूची बोटभर शेपटी साचलेली दिसेल. मोठी टेकडी अशाच एका आडोशापासून सुरू झालेली असते.

मुले बरोबर असतील तर एक जपा. त्यांना पुळणीवर खेळू द्या, पण खड्डा त्यांच्या गुडघ्याहून खोल नको, आणि टेकडीच्या कड्यात भुयार तर मुळीच नको. वाळू सुकली की कडा एका क्षणात ढासळते.

काटेरी झुडपांवर नारिंगी फळांचे घोस लगडलेले असतात. खातात का? एका झुडपावर भरपूर आणि शेजारच्यावर एकही नाही, असे का? (युट्रेख्ट)

डच लोक त्याला डाउनडोर्न म्हणतात, अर्थात टेकडीवरचा काटा. लडाखला गेलेल्यांनी सीबकथॉर्न म्हणून ज्याचा रस प्यायला असेल, तेच हे झुडूप. फळ खाण्याजोगे पण अतिशय आंबट. उद्यानात मात्र काहीही तोडायला बंदी आहे आणि तिला अर्थ आहे : ऑक्टोबरात उत्तरेकडून येणाऱ्या फील्डफेअर आणि रेडविंग या स्थलांतरित पक्ष्यांचे हे हिवाळी धान्याचे कोठार आहे.

झुडपात नर आणि मादी वेगवेगळे. फळे फक्त मादीला लागतात. मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन बांधून देतात, म्हणून निकस वाळूतही ते फोफावते.

रंग पाहायचे तर आणखी एक झुडूप शोधा, कार्डिनालस्मुट्स. याचे चार पाकळ्यांचे गुलाबी फळ उकलते आणि आत नारिंगी बी लोंबते. गुलाबी आणि नारिंगी इतके शेजारी-शेजारी निसर्गात क्वचित दिसते. हे फळ विषारी आहे, लहान मुलांना हात लावू देऊ नका. बीचच्या सोनेरी पानांसाठी ओव्हरवेनजवळच्या एल्सवाऊट या जुन्या इस्टेटीतल्या वाटा गाठा. समुद्राकडची काळी पाइन झाडे मुद्दाम लावलेली आहेत, कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने लावली तशीच. ती पानगळीतही हिरवीच राहतात.

जंगलात आळंबी खूप दिसते. गावाकडे आम्ही वारुळावरची आळंबी ओळखून आणतो. इथली आणावी का? (आइंडहोव्हन)

नको. तोडायला बंदी आहेच, पण खरे कारण जिवाचे आहे. गावाकडची ओळख तिथे चालत नाही. आपल्या ओळखीच्या आळंबीसारखी दिसणारी, फिकट हिरवट-पिवळ्या टोपीची डेथ कॅप तिथे ओकखाली उगवते. शिजवल्याने तिचे विष जात नाही. खाल्ल्यावर सहा तास ते एक दिवस काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब होतात. पुढे माणसाला बरे वाटू लागते आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. कोणी चुकून खाल्लेच तर त्रासाची वाट न पाहता 112 ला फोन करा आणि उरलेला तुकडा जपून ठेवा.

बघायला मात्र जरूर थांबा. बर्चखाली लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली छत्री (तीही विषारी) दिसेल. चुनायुक्त वाळूत, पाइनच्या सुयांमध्ये, चांदणीसारखी उकललेली आणि मधे लहानसा गोल असलेली 'भूतारा' अळंबीही सापडेल. तिच्यावर पावसाचा थेंब पडला की वरच्या छिद्रातून बीजाणूंचा तपकिरी धूर निघतो.

उद्यानात मोकळे बायसन आणि लांब शिंगांची गुरे आहेत म्हणतात. मुलांना घेऊन जाणे सुरक्षित आहे का? हरणांचा माजाचा काळ कुठे बघावा? (हेग)

अंतर राखले तर सुरक्षित आहे. युरोपीय बायसन, डच नाव व्हिसेंट, उद्यानाच्या झांडव्होर्टकडच्या क्रान्सव्लाक भागात 2007 पासून आहेत. रानातला शेवटचा 1927 साली मारला गेला आणि आजचे सगळे बायसन बंदिस्त ठेवलेल्या अवघ्या 12 जनावरांची संतती आहेत. इथे त्यांना कामासाठी आणले : ती झुडपे आणि साली खातात आणि वाळूत लोळून उघडे खड्डे तयार करतात. त्यांच्या भागातून जाणारी सुमारे 3 किलोमीटरची पायवाट 1 सप्टेंबर ते 1 मार्च एवढ्याच काळात खुली असते, म्हणजे शरद हाच तिचा हंगाम. कुत्रा नेता येत नाही. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर वाट त्या दिवशी खुली असल्याची खात्री करा.

बायसनपासून 50 मीटर, आणि लांब शिंगांची हायलँडर गुरे व कोनिक जातीचे मोकळे घोडे यांच्यापासून निदान 25 मीटर दूर राहा. 25 मीटर म्हणजे एकापुढे एक उभ्या दोन बसगाड्या. बायसनसाठी सोपी खूण : हात सरळ पुढे धरून दोन्ही अंगठे जोडून उभे करा. आडवे उभे असलेले जनावर त्यामागे लपत नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. जनावर वाटेवरच बसले असेल तर टाळ्या वाजवू नका. थांबा किंवा मागे फिरा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. बायसनने शेपटी उंचावली, मान झटकली की पाठ न दाखवता मागे सरका. खायला काही देऊ नका. हाताने भरवलेले जनावर पुढच्या माणसाची पिशवी हुंगायला येते आणि अपघात त्याच्याशी होतो.

हरणांसाठी दक्षिणेला लागून असलेले ॲमस्टरडॅमचे पाणीपुरवठ्याचे टेकडीक्षेत्र गाठा. 1853 पासून शहराला पाणी देणारे हे रान सुमारे 3,400 हेक्टरांचे आहे. तिकीट लागते. सायकल आणि कुत्रे चालत नाहीत, मात्र वाट सोडून हिंडायला परवानगी आहे. झाऊड-केनेमरलांडमध्ये ती नाही, दोन्हींची गल्लत करू नका. फॅलो हरणांचा माज ऑक्टोबरच्या मध्यापासून साधारण तीन आठवडे चालतो. पसरट शिंगांचा नर पुढच्या पायांनी खड्डा उकरून त्यात मूत्र सोडतो आणि तिथेच उभा राहून घोरल्यासारखा खोल आवाज तासन्‌तास काढतो. सकाळी दार उघडताच आत जा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला एका झाडाला टेकून बसा. शिंगांची टक्कर आधी ऐकू येते, मग दिसते. टकरीत गुंतलेल्या नरांना माणसाचे भान नसते, म्हणून इथेही 50 मीटर.

चालताना टेकड्यांमध्ये एक स्मशानभूमी लागली. ती कोणाची? (हारलेम)

दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांची. यांतल्या अनेकांना याच टेकड्यांमध्ये गोळ्या घालून पुरले होते. युद्धानंतर ते शोधून सन्मानाने दफन केले. इथे 372 जण आहेत : 371 पुरुष आणि एक स्त्री, हानी शाफ्ट. 17 एप्रिल 1945 रोजी, मुक्तीला तीन आठवडे उरले असताना, तिला मारले. ती तेव्हा 24 वर्षांची होती. आत जाता आले तर आवाज खाली ठेवा, डबा उघडू नका.

थंडी पडल्यावरही गोचिडीची काळजी घ्यावी लागते का? (ॲमस्टरडॅम)

हो. पारा 7 ते 10 अंशांच्या वर असला की गोचीड हालचाल करते आणि तिथल्या ऑक्टोबरात दुपारी 14 अंश सहज असतात. ती झाडावरून पडत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर बसून घासून जाणाऱ्याला पकडते. म्हणून मोरी मोज्यात खोचा आणि वाटेच्या मधोमध चाला.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली आणि मुलांच्या कानामागे व केसांच्या कडेला नीट बघा. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, नुसत्या नजरेला अंगावरच्या तिळासारखी वाटते, म्हणून बोट फिरवून चाचपा. सापडली तर गोचिडीचा चिमटा (औषधांच्या दुकानात मिळतो) त्वचेला अगदी लागून धरा आणि सावकाश वर ओढा. तेल, नेलपॉलिश, जळती काडी यांतले काहीही लावू नका. त्याने ती गुदमरते आणि पोटातले जंतू तुमच्या अंगात सोडण्याची शक्यता वाढते. काढल्यावर जागा स्वच्छ करा आणि कॅलेंडरवर तारीख व जागा लिहून ठेवा. पुढचे तीन महिने त्या जागेवर लक्ष ठेवा. तिथे पसरत जाणारा लाल डाग किंवा कडे दिसले, ताप आला किंवा सांधे दुखू लागले तर आपल्या हाउसआर्ट्सकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) जा आणि लिहून ठेवलेली तारीख सांगा. आईबाबा तोवर भारतात परतले असतील तर ही नोंद त्यांच्याबरोबर द्या. इथल्या डॉक्टरांसमोर लाइमचे (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराचे) रुग्ण सहसा येत नाहीत, गोचीड नेदरलँड्समध्ये चावली होती हे त्यांना मुद्दाम सांगावे लागेल.